पाटलांची छत्री

आमच्या घरात कापसाची तेजी पहिल्यांदा शिरली ती वरणात. अमरावतीच्या परकोटाच्या आत आमची गल्ली बाजाराच्या अंगाला होती आणि दिवाळी उलटली की तिच्यातून कापसाच्या गाड्या सुरू होत. पहाटे बैलांच्या घंटा, मग आऱ्यांची करकर, मग गाडीवानांच्या शिव्या, आणि ऊन वर आलं की पिंजाऱ्यांच्या धनुकल्यांचा तो कानात घर करणारा टणत्कार. पिंजलेला कापूस सगळीकडे उडे. तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, आमच्या पापण्यांवर. आई वरणाच्या पातेल्यावर फडकं बांधून ठेवी, तरी पानात वाढताना एखादा पांढरा तंतू तरंगताना दिसेच. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, भिक्षुकी करीत आणि जोशीपणही बघत. संकल्प सांगता सांगता त्यांना शिंक येई आणि यजमान अपशकुनाच्या धास्तीनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावी. अमेरिका नावाच्या मुलखात भाऊ-भाऊ लढताहेत म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय, असं बाजारात म्हणत. नाना म्हणायचे, "भाऊबंदकीनं कुणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच पाहतोय. पण शेवटपर्यंत बघू."

भलं झालेल्यांपैकी रामजी पाटील आमच्या शेजारी येऊन राहिले. अंजनगावच्या वाटेवरच्या एका खेड्यात त्यांची काळीभोर, उदार जमीन होती. तेजीच्या दुसऱ्या हंगामात त्यांनी आमच्या लागून असलेलं घर घेतलं आणि माजघरात टांगायला मुंबईहून काचेचं झुंबर आणवलं. घराचं आढं ठेंगणं होतं. झुंबर टांगल्यावर त्याचे लोलक माणसाच्या कपाळाशी येऊ लागले. आढं उंच करणं शक्य नव्हतं आणि झुंबर काढणं पाटलांच्या तोलाला शोभणारं नव्हतं, त्यामुळे त्या घरात सगळे वाकून चालायला शिकले. खुद्द पाटील तर गल्लीतही जरा वाकूनच चालत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि शेवटी छत्री आली. लाल रेशमी, कडेला झालर, चांदीची मूठ, आणि ती धरायला एक पगारी माणूस. सावलीतून सावलीत जातानासुद्धा ती उघडी असे. हे लिहिताना मी हसतो आहे, आणि हसू नये असंही वाटतं. पण त्या दिवसांत आम्ही खरोखरच खूप हसत होतो आणि सगळ्यांत जास्त हसत होता पाटलांचा मुलगा उकंडा.

उकंडा हे नाव वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल. त्याच्या आईची, सईबाईंची, आधीची मुलं जगली नव्हती. हा झाला तेव्हा त्यांनी न्हाऊ घालण्याआधीच त्याला गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन लोळवलं. शेजारणीनं तो उचलून "मले उकिरड्यावर सापडलं" म्हणत परत आणला आणि सईबाईंनी मूठभर कोंडा देऊन तो विकत घेतला. मरणाला वाटावं की हा कचरा आहे, घरचा नव्हे. वऱ्हाडात असे पुष्कळ उकंडे होते आणि त्या प्रत्येकाच्या मागे एका बाईची मृत्यूशी केलेली लबाडी होती. सईबाई त्याला उभ्या गल्लीत हाक मारत, "उकंड्याऽऽ!" आणि त्या हाकेत जो विजय असे, तो मी पुढे कोर्टात मोठमोठे दावे जिंकणाऱ्यांच्या आवाजातही ऐकला नाही.

आम्ही एकाच पंतोजींकडे शिकत होतो. तो आमच्याकडे सारखा असे. त्याचं पान ओसरीवर, माझं आत, मधे उंबरठा. त्या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंनी आमचं बोलणं चाले आणि आई दोघांनाही एकाच वेळी "विनू, उकंड्या, गप्प जेवा" म्हणे. आमचं वरण त्याला पटत नसे. "काकू, हे वरन हाय का पानी? यात मी पोहून दाखवू काय?" मग सईबाईंकडून रोडगे आणि वांग्याची तेल सुटलेली भाजी यायची, ती मी ओसरीवर त्याच्या शेजारी बसून खायचो. नाना ते बघत आणि पंचांगात तोंड घालत.

पाटलांना मुलाचं नाव खुपू लागलं ते छत्री आल्यावर. त्याच्यासाठी मुली सांगून येत होत्या, पण तोलाचं घर सापडत नव्हतं, कारण तोल दर बाजाराला वाढत होता. ते नानांकडे आले. माणूस छत्री घेऊन दाराबाहेर उभा.

"महाराज, पोराले चांगलं नाव काढून द्या. उकंडा म्हनलं का व्याही हासते."

नाना म्हणाले, "नाव बदलायला शास्त्राची हरकत नाही. त्याच्या आईची आहे का, ते विचारा."

"तिले काय इचारायचं? तिच्या डोक्यात अजून उकिरडाच हाय."

यशवंतराव हे नाव ठरलं. मांडवात पुरणाचे मांडे झाले, वाजंत्री झाली, झुंबर पेटलं आणि दोन पाहुण्यांची पागोटी त्याला लागून विसकटली. सईबाई मांडवात आल्या नाहीत. चुलीशी बसून राहिल्या. मी पाणी मागायला आत गेलो तेव्हा त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "इनू बाप्पा, येवढ्या मोठ्यानं वाजवून कोनाले सांगून रायले हे, का माह्या घरी पोरगं हाय म्हनून?" उकंडा बाहेर नव्या पागोट्यात घाम पुसत होता. मला बघून त्यानं डोळा मारला आणि जवळून जाणाऱ्या माझ्या आईला म्हणाला, "यशवंतरावले आग्रह करून वाढा, काकू. उकंड्याले भूक नाई."

त्यानंतर पाटलांनी त्याला अकोल्याला ठेवलं. तिथे साहेबलोकांचे खरेदीदार उतरत, त्यांच्यात वावरून मुलगा शहाणा व्हावा हा हेतू. मोर्णा नदीच्या बाजूला एक ऐसपैस घर भाड्यानं घेतलं, खुर्च्या घेतल्या. रेल्वेचा बांध तेव्हा पडत होता, गाडी धावायची होती. नाना एका यजमानाच्या कामासाठी अकोल्याला निघाले तेव्हा मीही बैलांच्या दमणीत बसून त्यांच्याबरोबर गेलो. उकंडा खुर्चीवर बसला होता. पुढे काही काम नव्हतं. तो वाळला होता, पण वाळलेले पुष्कळ असतात. त्याच्याकडे बघताना मला जे वाटलं, त्याला तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता आणि आताही, इतकी पुस्तकं वाचून, नेमका नाही. दिव्यातलं तेल संपतं तेव्हा ज्योत लहान होते. इथे तेल होतं, ज्योत होती, फक्त उजेड पडत नव्हता. मी गल्लीतल्या गमती सांगितल्या. तो योग्य जागी हसला. मी विचारलं, "बरं नाही का रे?" तो म्हणाला, "बरंच हाय. सगळं बरंच हाय." निघताना दमणीपर्यंत आला, जुवाला हात टेकून उभा राहिला.

"तुमच्याकडलं वरन अजून पातळच हाय काय?"

"पातळच."

"असू दे," तो म्हणाला.

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी त्याच्यावर उभं आयुष्य विचार केला आहे. उपनिषदांवर इतका केला नाही. त्यात काही सापडत नाही. ते वरणाबद्दलच होतं.

पुढे कापूस वेचणीच्या सुमारास तो न सांगता आपल्या खेड्यात गेला आणि एका सकाळी शेतातल्या विहिरीत सापडला. त्या विहिरीवर आम्ही दोघांनी सगळे उन्हाळे काढले होते. तिचा दगडन् दगड त्याला ओळखीचा होता. निरोप घेऊन पाटलांचा भाऊ आला तो आधी नानांकडे. त्याच्याबरोबरचा गाडीवान शेजारी गेला होता, त्यामुळे पाटलांच्या घरात तोवर रडणं सुरू झालं होतं. तिकडच्या आवाजात कुणाचं डोकं झुंबराला लागल्याचाही आवाज होता. लोलक बराच वेळ किणकिणत राहिले.

नानांनी विचारलं, "कसं झालं?"

"पाय घसरला, महाराज."

"कुणी पाहिलं?"

"कोनी नाई."

नानांनी पंचांग मिटलं. स्वतः जीव दिलेल्याचं सुतक नाही, त्याला पाणी नाही, पिंड नाही. निदान वर्षभर नाही, आणि मग वेगळे विधी. हे त्यांना माहीत होतं आणि समोरच्या माणसालाही माहीत होतं, म्हणून तर तो आधी इकडे आला होता. "मग घसरलाच असणार," नाना म्हणाले आणि पंचा उचलून निघाले. शास्त्राशी खोटं बोलताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं. उकंड्याला पाणी मिळावं म्हणून ते बोलले. पण त्या खोट्याची किंमत दुसऱ्यांना पडली. पाय घसरला म्हटल्यावर पुढे विचारायला काही उरलं नाही. कुणी 'काहून', म्हणजे का, असं म्हणायचं नाही. दगडाला काय विचारणार?

न विचारलेला प्रश्न मग घरभर फिरू लागला. पाटील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, शेवाळ होतं, विहिरीला मी कठडा बांधणार आहे, घडीव दगडाचा. भाऊ म्हणे अकोल्याचं पाणी बाधलं. माझी आई म्हणे कुणाची तरी नजर. मी रोज अकोल्याची ती दुपार काढून बसे आणि उलटी करून झटके, जसं हरवलेल्या अंगठीसाठी अंथरूण झटकतात. फक्त सईबाई काही म्हणत नव्हत्या. त्या पुढे बघत बसल्या होत्या. आई त्यांना कढी पाजायला जाई, आणि परत येऊन वाटी तशीच मोरीत ठेवी.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड मांडले. पिंडाला चुलतभाऊ बसला. बायका घाटावर येत नसत. सईबाई आल्या, आणि त्यांना अडवायला कुणाचा हात उठला नाही. नानांनी गेलेल्याचं नाव घेतलं, यशवंतराव, कारण पाटलांनी तसं बजावलं होतं. पिंड वाळूत ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर होते. खाली येईनात. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, ती ओळखून शब्द द्यायचा, ही आपली रीत. जो माणूस 'बरंच हाय' यापलीकडे बोलला नव्हता, त्याच्या इच्छेचा शोध भर उन्हात सुरू झाला. पाटलांचा भाऊ म्हणाला, बैल विकणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, काकीले सांभाळीन. पाटील पुढे झाले, त्यांच्यामागे छत्री. अगदी पिंडाशी उभे राहून त्यांनी शब्द दिला: तुझ्या नावानं इथे घाट बांधीन, पायऱ्या पांढऱ्या दगडाच्या. मग म्हणाले, देऊळ बांधीन. मग म्हणाले, कळस सोन्याचा. त्यांचा आवाज फाटत चालला होता, देणं मात्र वाढत होतं, जसं लिलावात वाढतं. बोली फक्त तेच लावत होते. कावळे हलले नाहीत.

"त्या नावानं काहून बोलावता त्याले?"

सईबाई गर्दीतून पुढे आल्या होत्या. दहा दिवसांत त्यांचे ते पहिले शब्द असावेत.

"महाराज, त्याले त्या नावाची सवय नाई. तो कोनाले बोलावते म्हनून मांगं पाहत असन. त्याच्या नावानं हाका मारा."

"सई, गप राय," पाटील म्हणाले.

"कोंडा देऊन घेतलं व्हतं मी त्याले. तुमी वाजा लावून सांगतलं सगळ्याईले."

पाटलांचा चेहरा मी पाहिला. छत्रीखाली तो लाल दिसत होता, काही रेशमामुळे. ते वळले आणि वाळू तुडवत दूर वडाकडे निघून गेले, छत्रीवाला त्यांच्यामागे धावला, आणि पाटील गेले म्हणून निम्मी माणसंही सरकली. नानांनी क्षणभर डोळे मिटले. मग ओंजळीत पाणी घेऊन ते म्हणाले, "उकंडा." एक कावळा सरळ खाली आला आणि त्यानं पिंड उचलला.

लोकांनी 'सुटला, सुटला' म्हणून हात जोडले. सईबाईंचं तोंड उघडं होतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, ते विचारायच्या आत कावळा उडाला होता. आणि मग मी त्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट बसताना पाहिली, जसा चिखलात दगड बसतो. नाव घेतल्याबरोबर आला. म्हणजे नावासाठीच गेला. म्हणजे ज्यानं नाव काढून घेतलं, त्यानं.

परत येताना मी नानांना म्हटलं, "कावळा नावानं आला नाही. ती लाल छत्री पिंडावर झुलत होती, झालर हलत होती, म्हणून ते घाबरत होते. छत्री गेली आणि कावळा आला."

"मला डोळे आहेत," नाना म्हणाले.

"मग त्यांना सांगू या. त्या पाटलांना दोष देताहेत."

"तिला आता एक कारण मिळालंय, विनू. बदल्यात दुसरं द्यायला असेल तर पहिलं काढून घे. आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे पातळ वरण होतं. 

सईबाई त्या दिवसापासून पाटलांशी बोलल्या नाहीत. भाकर वाढत, पाणी ठेवत, आजारपणात पाय चेपत. शब्द मात्र नाही. एका घरात, एका झुंबराखाली, दोघं वाकून एकमेकांना टाळून जात. मी शेजारच्या भिंतीला कान लावत नव्हतो, लावायची गरजच नव्हती. पूर्वी त्या घरातून हाका येत. आता तव्यावर उलथणं आपटल्याचा तेवढा आवाज येई. तिकडे अमेरिकेतले भाऊ लढायचे थांबले आणि भाव बसले. शेंब्या उतरल्या, वाजंत्री थांबली, झुंबर कुणी घेईना म्हणून राहिलं. छत्रीवाल्याला रजा मिळाली. आता छत्री पाटील स्वतः धरत.

एका दुपारी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले, उकंड्याचं पान मांडत असू नेमके त्याच जागी. नाना घरी नव्हते.

"इनूभाऊ, तुले त्यानं काई सांगतलं व्हतं काय? माह्यावर राग व्हता काय त्याचा? खरं सांग. नावाचा राग व्हता?"

"नावावर तो हसत असे, पाटील. रागावलेला मी पाहिला नाही."

"मंग कावळा?"

तेव्हा मी त्यांना छत्रीचं सांगितलं. सावकाश, नीट सांगितलं. रेशीम, झालर, वारा, बाभळीवरचे कावळे, त्यांचं वडाकडे जाणं. माझी समजूत होती की मी एका माणसाच्या छातीवरून धोंडा उचलतो आहे. आजही वाटतं, सांगितलं ते खरंच होतं आणि सांगायलाच हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मांडीवरच्या छत्रीकडे पाहिलं.

"म्हंजे नावाचं काई नव्हतं."

"काही नव्हतं."

"मंग काहून गेला?"

त्यांनी छत्रीच्या झालरीवरून बोट फिरवलं.

"नाई बाप्पा," ते म्हणाले. "नावाचंच व्हतं. बापावरच्या रागानं गेला असन तर बाप तरी व्हता मी त्याचा. तू म्हनते तसं असन तर तो असाच उठून गेला. आमी कोनीच नव्हतो त्याचे." ते उठले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांनी छत्री मिटलेलीच काखेत धरली आणि उघड्या उन्हात चालू लागले. नंतर ती छत्री उघडलेली कुणी पाहिली नाही. पावसाळ्यातही नाही. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला वेड लागलं.

सईबाई गेल्या त्या कितीतरी वर्षांनी, तापानं. पाटलांशी अबोला तसाच होता. शेवटी पाणी मागितलं तेही भिंतीकडे बघून. दहाव्याला आम्ही त्याच नदीवर होतो. नाना थकले होते, तरी ते स्वतः आले. घाट काही बांधून झाला नव्हता. तीच वाळू, बाभूळ जुनी झालेली. सईबाईंना एकच नाव होतं, ते नानांनी घेतलं. पिंडाच्या आसपास कुणी नव्हतं. पाटील तर पार वडाखाली जाऊन उभे होते, उघड्या डोक्यानं, हात रिकामे. छत्री त्यांनी घरी ठेवली होती. मी पाहिलं होतं. निघताना त्यांनी ती मला दाखवून कोपऱ्यात ठेवली होती.

कावळे वरून उडत जात होते, खाली आले नाहीत. उकंड्याच्या चुलतभावानं शब्द दिले, गल्लीतल्या बायकांनी दिले. ऊन चढलं. मला कारण माहीत होतं. त्या वेळी कावळे नदीच्या वरच्या अंगाला जात, तिथे खाटिकांची वसती झाली होती. मी ते कुणालाही पटवून देऊ शकलो असतो.

पाटील वडाखालून हळूहळू माझ्याजवळ आले.

"सांग आता, इनूभाऊ," ते म्हणाले. "सांग छत्रीचं."

मी नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. नानांनी दर्भ मागून घेतला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. दर्भाचा कावळा सगळ्यांनाच शिवतो. आम्ही अंघोळी केल्या आणि घरी आलो.